ताईच्या दाराचं कुलूप

कुलपांच्या कारखान्यात त्याला सगळे कानशा म्हणत. हातात कायम धातू घासायची कानस, आणि बोलणंही तसंच, खरखरीत. चावीचा दात केसभर जास्त असला तरी त्याच्या बोटाला कळायचं. लग्न केलं नाही. "सगळ्या कुलपांना चावी मिळाली, कानशालाच मिळेना," अशी थट्टा व्हायची आणि तोही हसायचा. घरचं माणूस एकच, दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहणारी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं.

तिच्याकडे चोर शिरला तेव्हा ती आतल्या खोलीत श्वास रोखून पडून होती. दारात ड्रिल फिरल्याचा आवाज तिने ऐकला होता. त्यानंतर तिच्या डोळ्याला डोळा लागेना. कानशाने ते फुटलेलं कुलूप घरी आणलं. अस्सल पितळ, पण ड्रिल आतून गेलं होतं लोण्यातून सुरी जावी तसं. पूर्ण पोलादाचं कुलूप त्याला करता आलं असतं, पण ते ताईलाच काय, त्या गल्लीत कुणालाच परवडलं नसतं.

मग तो नादाला लागला. बाहेरचं कवच जस्ताचं ओतलं, कारण जस्त स्वस्त. चावी ज्यात फिरते तो गाभा पितळेचा, कारण पितळ गुळगुळीत फिरतं. आणि तोंडाशी, जिथे ड्रिलचं टोक घुसतं तिथे, कडक केलेल्या पोलादाच्या दोन बारीक पिना. तीन धातूंना त्याने एका घरात नांदायला लावलं.

नवं कुलूप परीक्षेसाठी आधी करणाऱ्याच्या दाराला लागायचं, अशी त्यांच्या कारखान्याची जुनी रीत. कानशाच्या दाराला ते दोन वर्षं होतं. एकदाही अडलं नाही. सुटीच्या दिवशी, चहा गार होईपर्यंत, तो ते फडक्याने पुसायचा आणि चावीच्या भोकात तेलाचा थेंब सोडायचा. लोक कुंडीतल्या रोपाला पाणी घालतात तसं. हे तेलही त्या परीक्षेत धरायला हवं, असं त्याच्या मनातही आलं नाही.

मग तसंच दुसरं ताईच्या दाराला लागलं. दार लोखंडी पत्र्याचं, खिडकीला गज, आणि कुलूप आतूनही चावीनेच उघडणारं. दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "अरे, ढाराढूर झोपले! सूर्य डोक्यावर आला तरी पत्ता नाही." एवढं कौतुक त्याचं कुणी केलं नव्हतं. मालकानेही मग ते कुलूप बाजारात आणलं.

ताईची एक भिंत शेजारच्या लाँड्रीला लागून होती. तिकडची वाफ या खोलीत झिरपायची, कपाटातल्या साड्यासुद्धा दमट लागायच्या. त्याने ते पाहिलं होतं. साड्यांसाठी त्याने तिला डांबराच्या गोळ्या आणून दिल्या होत्या.

एका सकाळी तिचा फोन आला. "तुझं कुलूप रुसलंय बघ. छातीत जरा कळ येतेय, म्हणून डॉक्टरकडे निघाले होते. चावी अर्धी फिरते नि थांबते."

तो पोचला तेव्हा वरच्या मजल्यावरचा शिंपी खिडकीशी उभा होता. त्याने डॉक्टरांना फोन करून जिभेखाली ठेवायची गोळी गजांतून दिली होती आणि रुग्णवाहिका बोलावली होती. कानशाने चावी घातली. ती अर्धी फिरली आणि थांबली.

"कटर आणवू का?" शिंपी म्हणाला. "फॅब्रिकेशनवाल्याकडे आहे. पत्राच कापून टाकू."

"नको. मी उघडतो. माझंच आहे ते."

दोन पिनांमधली फट कुठे आहे हे जगात त्यालाच माहीत होतं. आपण केलेलं आपल्याला उघडेल, असं त्याला वाटलं. त्याने बरोबर आणलेलं ड्रिल लावलं. ते घुसलं, पोलादावरून घसरलं, टोक मोडलं. त्याने दुसरं लावलं.

"झालं का रे?" आतून ताईचा आवाज आला.

"होतंय, ताई. तू बसून राहा."

"बसलेच आहे. चपला घालून, पर्स मांडीवर घेऊन. लग्नाला निघाल्यासारखी." तिने दम घेतला. "त्या चोराला एवढा वेळ लागला नव्हता हो."

बाहेर कुणीतरी हसलं. कानशाही हसला, आणि तेवढ्यात दुसरं टोक मोडलं. रुग्णवाहिकेतली दोन माणसं स्ट्रेचर भिंतीला टेकवून उभी होती. त्यांतला एक म्हणाला, "काका, लवकर करा." शिंपी न विचारताच कटर आणायला पळाला.

"ताई?"

"हं."

"कळ कमी आहे का?"

"तू तुझं काम कर." आवाज बारीक झाला होता. "हात कापून घेऊ नकोस."

तिसरं टोक त्या फटीत बरोबर बसलं. ते बोटभर आत गेलं आणि तिथेच अडकलं. त्याने ताईला हाक मारली. मग पुन्हा मारली. कटर आलं, पत्र्यातून ठिणग्या उडाल्या आणि कुलपासकट दाराचा चौकोनी तुकडा खाली पडला. ती खुर्चीतच होती. पर्स मांडीवरच होती.

नंतर त्याने ताईच्या दाराचं ते कुलूप करवतीने उभं चिरलं. जस्त आणि पितळ यांच्यामध्ये पांढरी भुकटी दाटून बसली होती. ओल लागली की जस्त पितळेपाशी झिजतं, आणि त्याची भुकटी फुगून गाभ्याला आवळून धरते. त्याच्या स्वतःच्या दाराचं कुलूप चिरलं तर आत लख्ख निघालं, तेलाने ओलसर. तेल घालायला त्याने ताईला कधी सांगितलं नव्हतं. श्वास घे, असं कुणी कुणाला सांगतं का?

तो दोन्ही चिरलेली कुलपं मालकापुढे घेऊन गेला. "हे बंद करा. विकलेली परत मागवा."

मालकाने चष्मा काढून डोळे पुसले. ताईच्या हातचं जेवण त्यांनीही जेवलेलं. "फार वाईट झालं रे. पण तुला खरं सांगू? लोक दुकानात येऊन तेच मागतायत. ज्याने बनवलं त्यालाही फोडता आलं नाही म्हणे, असं कुलूप! मी काय करू? पुड्यात चिठ्ठी टाकू, तेल घाला म्हणून."

"चिठ्ठी कोण वाचतं?"

कानशाने एप्रन खुंटीला अडकवला आणि कारखाना सोडला.

आता तो घरोघर जातो. पिशवीत साधी पितळी कुलपं, जुन्या पद्धतीची. फुकट बदलून देतो म्हणतो. फुकट म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरतात. कोण कुठला दाढी वाढलेला माणूस, आणि म्हणतो दाराचं कुलूप काढू द्या.

परवा एका दारात एक बाई आली. दार साखळीपुरतं उघडून तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या म्हातारीच्या दाराला होतं तेच ना हे?"

"हो. तेच. म्हणून तर—"

"मग राहू दे की. घरात मी एकटी असते दिवसभर. असंच हवं."

"बाई, निदान तेल तरी घालू द्या."

"पुढच्या वेळी या. हे घरी असताना."

दार लागलं. आतून चावी फिरली. अर्ध्यावर ती क्षणभर थांबली, मग बाईने जोर लावला असावा, आणि कुलूप बसलं. कानशा हात वर करून उभा राहिला, पण दार वाजवलं नाही. आत बाई पाय ओढत दूर गेली आणि नळ सोडल्याचा आवाज आला.