चव घेणं म्हणजे पिणं नव्हे

मावशी चहा पीत नसत. हे त्या स्वतः सांगत, त्यांची सून सांगे आणि त्या गल्लीतल्या वेल्डिंगच्या, लेथच्या, खोक्यांच्या कारखान्यांत कोणालाही विचारलं असतं तर त्यानेही छातीठोकपणे तेच सांगितलं असतं. जन्म चहा विकण्यात गेला, पण बाईने कधी ग्लासाला ओठ लावला नाही, असा त्यांचा लौकिक होता.

त्या फक्त चव घेत.

हा चव घेण्याचा सोहळा बघण्यासारखा असे. पातेलं उकळून वर आलं की मावशी गाळण्याखाली बशी धरत. फुंकर मारून बशीत छोटंसं वादळ उठवत. मग डोळे मिटून असा काही भुरका मारत की पलीकडचं लेथ क्षणभर ओशाळावं. शेवटी जीभ टाळूला लावून 'टॉक्'. टॉक् झालं की चहा पास. त्याआधी कोणी ग्लास पुढे केला तर "घाई असेल तर नळाखाली तोंड धर" असं ऐकून घ्यावं लागे. साखर कमी वाटली तर मूठभर टाकून पुन्हा बशी, पुन्हा टॉक्. सकाळी शेगडी पेटल्यापासून संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत हे चाले. यात पिण्याचा संबंध आला कुठे?

अशा या न पिणाऱ्या बाईला शुगर होती. चार दिवसांसाठी आलेली आत्या घरात मुक्कामच ठोकते, तशी ती बरीच वर्षं ठाण मांडून बसली होती. तळपायाला मुंग्या येत, घशाला कोरड पडे. मावशी गोळी गिळत आणि कामाला लागत. पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एका डोळ्याने धूर दिसे, दुसऱ्याने धुकं. एके दिवशी त्यांनी वेल्डरचा ग्लास सोडून थेट वेल्डरच्या हातावर चहा ओतला.

"मावशी, ठिणग्यांची सवय आहे," तो हात झटकत म्हणाला, "पण त्या निदान गोड नसतात!"

गल्ली हसली, मावशीही हसल्या. संध्याकाळी मात्र सुनेला म्हणाल्या, "डोळे गेले तर मी काय करू गं? घरात बसून तुझ्या चहाची वाफ घेऊ?"

सुनेच्या चहाला त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून 'विसळवणी' म्हणत. तेव्हा या प्रश्नात आंधळेपण जास्त भयंकर की ती वाफ, हे सुनेला नीट कळलं नाही. तरी ती त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

"ऑपरेशन करू," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण शुगर खाली आल्यावरच. नाहीतर जखम चिघळेल. आणि फार दिवस गेले तर डोळ्याचा आतला पडदाही बिघडेल, मग ऑपरेशनचाही उपयोग नाही. चहा किती वेळा होतो?"

"एकदाही नाही," मावशी म्हणाल्या.

"थेंबसुद्धा नाही," सून म्हणाली. सासूसुनेचं एकमत व्हायची ती पहिलीच वेळ.

गोळ्या वाढल्या. शुगर जागची हलली नाही. पुन्हा गोळ्या वाढल्या, शुगर ढिम्म. शेवटी डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मावशी, खरं सांगा. चोरून गोड खाता का?"

"चोरून?" मावशी खुर्चीतून उठल्याच. "आमच्या एका खोलीत चोरून काय करता येतं ते आधी दाखवा! मी कूस बदलली तरी सगळं घर जागं होतं."

डॉक्टरबाईंनी भिंतीवरच्या फलकाकडे बोट केलं. "रागावू नका. हा जीवनशैलीचा आजार आहे. वेळेवर जेवायचं, पुरेसं झोपायचं, मोकळ्या हवेत चालायचं…"

"शैलीला जागा लागते, बाई. आमच्याकडे नुसतं जीवन आहे. आणि तुमच्या भिंतीवर लिहिलंय तसं पाणी म्हणजेच जीवन असेल, तर तेही पहाटे एकदाच येतं."

बाहेर रांगेतल्या बायका हसल्या. पण घरी येताना मावशी पायरी चुकल्या आणि सुनेने दंड धरला नसता तर तोंडावरच आपटल्या असत्या. तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

त्याच आठवड्यात मावशींना ताप आला आणि चहाचा गाडा सुनेकडे गेला. तिने सगळं सासूसारखंच केलं. करावंच लागलं, कारण टॉक् ऐकल्याशिवाय गल्ली ग्लास उचलेना. संध्याकाळी ती परतली ती पोट धरून. जेवण जाईना, छातीत धडधड होत होती.

"आई, आज मी किती चहा प्यायले!"

"प्यायलीस?" मावशी अंथरुणातून ओरडल्या. "तुला चव घ्यायला सांगितली होती!"

"चवच घेतली. दिवसभर."

आणि सून हळूच म्हणाली, "आई, तुम्ही चहा पिता."

मावशींचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्या पदरात चोरीची घड्याळं सापडली. "एवढ्याशा बशीला पिणं म्हणतात?"

सून भरून ठेवलेल्या बादलीशी बसली आणि तीच बशी बुडवून बुडवून धंद्याचं मोठं पातेलं भरू लागली. सकाळची पातेली, दुपारची पातेली, साखर कमी पडलेली पातेली, एकेक आठवून एकेक बशी. मावशींना दिसत नव्हतं. त्या नुसत्या ऐकत होत्या. शेवटी पाणी काठावरून ओसंडून त्यांच्या अंथरुणाला लागलं.

"बस कर," त्या म्हणाल्या. "पाणी काय फुकट आलंय?"

आता करायचं काय? सून म्हणाली, "पातेल्यातच साखर कमी करू."

"आणि निम्मी गल्ली दुपारी डबा आणत नाही, तिचं काय? माझा चहाच जेवण त्यांचं. साखर काढली तर पोरं चक्कर येऊन लेथवर पडतील."

"मग त्यांनाही शुगर होईल, आई."

"झालीय की निम्म्यांना! मला दिसत नाही, ऐकू येतं. सगळे माझ्याच गोळ्यांची नावं सांगतात. पण आधी पोट, मग पथ्य." एवढं बोलून त्यांनी माळ्यावरची जुनी शेगडी खाली काढायला लावली. दुसऱ्या दिवसापासून चहाशेजारी अंडी उकडू लागली. अंडं खाणाऱ्याला अर्ध्या साखरेच्या वेगळ्या पातेल्यातला चहा, असा मावशींचा कायदा. त्यावर अपील नव्हतं.

राहिली मावशींची जीभ. डॉक्टरबाईंना सगळं सांगितल्यावर त्या आधी खो-खो हसल्या आणि मग प्रेमाने म्हणाल्या, "कशाला या वयात एवढी यातायात? धंदाच बंद करा ना."

"बंद करायला डोळे कशाला हवेत?" मावशी कडाडल्या. "बंद तर आंधळीलाही करता येतो. चालू ठेवायला हवेत म्हणून तुमच्या दारात आलेय!"

आणि मावशींनी बोलल्याची किंमतही मोजली. सोमवारी गाड्यापाशी स्टूल टाकून त्या बसल्या आणि बशी सुनेच्या हातात दिली. राज्य सोडून देणाऱ्या राजाचा चेहराही इतका पडत नसेल.

"घोटभर नाही, थेंबभर. जिभेच्या टोकावर. आणि लगेच थुंक."

सुनेने थेंब घेतला, थुंकला. एवढ्याशा थेंबावर टॉक् काही जमलं नाही; 'टुक्' असा केविलवाणा आवाज आला. वेल्डरने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मावशी, आज चव कोणाची? दूध नुसतं शेजारून गेलेलं दिसतंय."

गल्लीचे कान टवकारले. विसळवणी हा शब्द मावशींच्या ओठांवर आलाच होता. इतकी वर्षं घरात वापरून तो गुळगुळीत झाला होता. त्यांनी तो गिळला. औषधाची गोळी इतक्या कष्टाने त्यांनी कधी गिळली नव्हती.

"माझ्या सुनेची चव आहे," त्या स्टुलावरून गरजल्या. "माझ्या घरची जीभ आहे ती. कोणाला पटत नसेल त्याने ग्लास ठेवावा आणि नाक्यावर जावं. काय रे, जातोस?"

वेल्डरने ग्लास रिकामा केला. "जातो कुठे, मावशी! अंडं द्या."

मावशींचे दिवस कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. चहाचा वास आला की त्या तोंडात लवंग धरून बसत आणि सुनेला शिव्या घालत. पण शुगर, जी इतकी वर्षं आत्याबाईंसारखी पाय पसरून बसली होती, ती कुरकुरत का होईना, पाय आखडू लागली. पावसाळा सरता सरता डॉक्टरबाईंनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं.

पट्टी निघाली, थेंब घालून झाले, जपायचे दिवस सरले आणि काळा चष्मा लावून मावशी गाड्यावर आल्या. गल्ली कामं टाकून बाहेर आली. मावशींनी भिंत पाहिली, वेल्डरची वाढलेली दाढी पाहिली, सुनेच्या कानामागचे पांढरे केस पाहिले आणि त्यावर क्षणभर थांबल्या. मग चष्मा कपाळावर चढवून पातेल्यात डोकावल्या.

"हा रंग? हा? आणि हे तू इतके महिने माझ्या नावावर लोकांना पाजलंस?"

"सगळे पिऊन गेले, आई. एकानेही ग्लास परत केला नाही."

"माझ्या धाकाने! आण ती बशी इकडे."

सुनेने बशी पाठीमागे धरली. "नाही मिळणार."

"माझी बशी आहे!"

"असू दे. डावा डोळा व्हायचाय अजून."

मावशींनी गल्लीकडे पाहिलं. वेल्डर आकाश बघत होता, लेथवाले बुटांकडे. कोणीही त्यांच्या बाजूने बोलायला तयार नव्हतं. त्यांनी पदर खोचला, स्टूल ओढून पातेल्याच्या अगदी जवळ घेतलं आणि नवा डोळा चहावर रोखला.

"घे चव," त्या म्हणाल्या. "पण आता मला दिसतंय, हे लक्षात ठेव. टाक दूध. अजून टाक!"