चष्म्याचे चार स्क्रू

झेंडूचा वास आला की मला एक वीतभर रेल्वे इंजिन आठवतं. ऐंशी सालाच्या आसपास मी घाटकोपरला स्टोव्ह दुरुस्त करायचो. मला स्वतःला मात्र शाळेने चौथीतच दुरुस्तीपलीकडचा ठरवलं होतं. एकदा शेजारचे रिटायर मोटरमन काका रुळांसकट खेळण्यातलं इंजिन घेऊन आले. काकींनी निवृत्तीला दिलेलं, काकांच्या हातून पडलेलं. खालचा धातूचा सांगाडा मधोमध तुटलेला. "काकी दसऱ्याला गावाहून येतेय रे, त्याआधी कर, नाहीतर माझी वाट लागली." "झालं समजा," म्हणत मी डाग देऊन सांधायला ज्योत लावली, तर सांगाडा जस्ताचा निघाला, कोपराच तुपासारखा वितळला!  मग जुन्या स्टोव्हची पितळी पट्टी कापली, हातड्रिलने भोकं पाडली, चष्मेवाल्याच्या हातापाया पडून चार बारके स्क्रू आणले आणि दोन्ही तुकडे पट्टीवर आवळले. दसऱ्याला हत्यारांची पूजा मांडली होती, तेवढ्यात काका आले, मागोमाग काकी. मी रूळ मांडून त्यांना बॅटरीच्या वायरी जोडल्या. इंजिन धावलं, पण उलटं, वायरींची अदलाबदल झालेली! काकी म्हणाल्या, "मागे का होईना, यांच्यापेक्षा नीट चालतंय." मग त्यांनी ते उचलून खालची पट्टी बघितली. "पाडलं कोणी ते नाही विचारत. जोडलं कोणी?" शाळेत कधी केलं नाही ते मी तेव्हा केलं, बोट वर केलं. काकींनी पूजेतलं झेंडूचं फूल उचलून माझ्या गंजक्या ड्रिलवर ठेवलं. आता ड्रिल मोडलंय, मी त्याहून मोडलोय. पण दसऱ्याचं पहिलं फूल अजून त्यालाच.