एसटीतली रायफल

काय सांगू राव, गुडघा अजून ठणकतोय, आणि जुन्नरच्या बाजारात ओळखीचे लोक मला बघून दोन्ही हात वर करतात! कंटाळलो आता.

मी घाटघरचा, निवृत्त इतिहास शिक्षक. निवृत्त माणसानं घरी गप्प पडून राहावं की नाही? पण जुन्नरच्या एका शाळेतल्या बाईंनी भाषणाला बोलावलं. विषय माझा जीव की प्राण: एकोणिसाव्या शतकातली लष्करी बोल्ट रायफल. मुलांना दाखवायला सुताराकडून हुबेहूब लाकडी रायफल करून घेतली, अगदी मागं-पुढं सरकणाऱ्या बोल्टच्या दांड्यासकट, गोणपाटात गुंडाळली आणि सकाळची एसटी धरली.

वाटेत बाईंचा फोन आला. गाडीचा खडखडाट एवढा, की मी ओरडूनच बोललो.

"हो हो, रायफल घेतलीय! बोल्ट जरा अडकतोय, पण पोचलो की खटाखट चालवतो! पोरांना हॉलमध्ये बसवा. दारं लावून घ्या, एकही बाहेर जाता कामा नये!"

फोन ठेवला आणि डुलकी काढली. झोपलेल्या माणसाला काय कळणार हो? जाग आली तेव्हा गाडी रिकामी, आणि समोर पोलीस ठाणं!

कंडक्टर लांबूनच ओरडला, "साहेब, ह्योच त्यो! मांडीवर बंदूक हाय!"

मला आत नेलं. मी शिक्षक, शाळेत भाषणाला निघालोय, हे सांगितलं. फौजदारांनी गोणपाट सोडलं, आतलं लाकूड बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मास्तर, ही काय थेरं? असं काय व्हतं ह्या बंदुकीत?"

शिक्षकाला असं विचारतात का? सुटलोच मी!

"साहेब, आधी बंदूक नळीच्या तोंडातून भरायची. सैनिक उभा, शत्रूला आयताच सापडायचा. मग बोल्ट आला. दांडा उचला, मागं ओढा, काडतूस घाला, पुढं ढकला! सैनिक पडल्यापडल्या बंदूक भरायला लागला. लढाईची तऱ्हाच बदलली. हे असं..."

आणि मी ठाण्याच्या फरशीवर सपशेल पालथा पडलो. बोल्ट खटकन चालला. अडकला तो माझा गुडघा. उठताच येईना!

दोन हवालदारांनी बगलेत हात घातले, कंडक्टरनं पाय धरले. वर ओढतायत, मी कण्हतोय, आणि एसटी ठाण्यात नेल्याचं ऐकून नेमक्या तेव्हाच मला शोधत शाळेच्या बाई दारात!

"अगंबाई! सरांना मारलं की काय?"

"न्हाई हो बाई, सर आपले आपणच पडल्यात," फौजदार थकल्या आवाजात म्हणाले. मग माझ्याकडं वळून हात जोडले.

"मास्तर, बोल्टचा शोध लई भारी. पर तुमी आपली बंदूक उभ्यानंच भरत जावा!"