साहेबाच्या तंबूतली हवा

तंबू उभा करायला भावोजी, मामंजी आणि अर्धी वाडी राबली होती. आवरायची वेळ आली तेव्हा मात्र त्याला हात लावायची मुभा साऱ्या घरात माझ्या एकटीला होती.

एकोणीसशे साठ उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी मालवणजवळच्या त्या घरात नवीनच आले होते. यजमान मुंबईला नोकरीला, घरात सासू, सासरे आणि मी. धाकटे दीर परदेशी जाणाऱ्या बोटीवर कामाला होते. मे महिन्यात ते रजेवर आले ते पाठीवर एक भलं मोठं बोचकं घेऊन. त्यांच्या साहेबाने कुठल्याशा जर्मन बंदरात तंबू घेतला होता आणि बोट पुन्हा सुटेपर्यंत सांभाळ म्हणून भावोजींकडे दिला होता. भावोजींनी तो सांभाळायचा सोडून गावात मिरवायला आणला. स्वभावच तसा.

त्या तंबूला खांब नव्हते. खांबांच्या जागी मांडीएवढ्या जाड रबरी नळ्या होत्या आणि पायाने दाबायच्या भात्याने त्यांत हवा भरायची. सगळे आळीपाळीने भाता दाबत गेले तसं घरापुढच्या खळ्यात लोळागोळा होऊन पडलेलं ते पिवळं कापड कुशीवर वळलं, मग गुडघ्यावर आलं आणि बघता बघता उभं राहिलं. मग बघ्यांतला एकेक जण पुढे होऊन नळी बोटाने दाबून बघायला लागला.

सासूबाई दारातून विचारत होत्या, "हेच्यातलो वारो खंयचो रे?"

"आमचोच, आये. तुझ्यासमोरच भरलंय मा?"

"म्हंजे तंबू सायबाचो आणि वारो आमचो," असं म्हणून त्या खूश झाल्या आणि बघायला आलेल्यांसाठी चहा करायला आत गेल्या. वाडीतल्या बायका, पोरं, म्हातारे, सगळे तंबूत जाऊन बसून आले. मीही गेले. चहाची भांडी आवरून, पदराला हात पुसत सासूबाई अखेर खळ्यात उतरल्या, तर मामंजी चारचौघांत म्हणाले, "तू खंय चललंस गो? ह्या वयात पोरखेळ सुचलो?"

लोक हसले. सासूबाईही हसल्या आणि पाणी आणायच्या निमित्ताने परत फिरल्या. मला मामंजींचा असा राग आला! पण नवी सून बोलणार काय?

त्यानंतर त्या आत गेल्या नाहीत. येता-जाता तंबूला वळसा घालायच्या, शिवण निरखायच्या, "भितर उकाडता काय गो?" असं मला विचारायच्या. आत जायचं त्यांच्या किती मनात होतं, ते एका मामंजींना सोडून सगळ्यांना दिसत होतं. आणि भावोजींची रजा तर संपत आली होती.

तेवढ्यात माझी पाळी आली. आमच्याकडे बाहेर बसणं कडक. तीन दिवस मागच्या पडवीत राहायचं, ताट-वाटी आणि पांघरूण वेगळं, कुणाला शिवायचं नाही आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. पण त्या दिवशी सकाळीच पडवीत रचलेल्या लाकडांतून फुरसं निघालं होतं. ते विषारी जनावर लाकडांतच परत कुठे शिरलं, ते कुणाला सापडेना. सासूबाईंनी कमरेवर हात ठेवून घराभोवती नजर फिरवली. ती तंबूवर येऊन थांबली.

"हिका थयसर बसू दी."

भावोजींचा चेहरा उतरला. "आये, तो सायबाचो तंबू!"

"मगे? सायबाक सांगूक कोण जाता?"

"पण इटाळ झालो तर मी हात कसो लावू?"

यावर सासूबाई खरोखरच विचारात पडल्या. रेशमाला विटाळ नाही, लोकरीला नाही, हे त्यांना पाठ होतं. रबराचं काय, हे कुणीच सांगून ठेवलं नव्हतं. मामंजींना विचारलं, त्यांना ठाऊक नव्हतं. "कापडाक तरी आसाच," असा निकाल त्यांनी स्वतःच दिला आणि मी माझी चटई घेऊन तंबूत शिरले.

खरं सांगते, फार सुख वाटलं. उन्हाचा आत पिवळा उजेड व्हायचा, जाळीच्या खिडकीतून माडांच्या झावळ्या दिसायच्या. सासूबाई दारापाशी ताट ठेवायच्या आणि जरा लांब बसून चौकशी सुरू करायच्या. खाली वाळू टोचते का, वारा आला की हलतं का, निजलं की वर काय दिसतं. मी सांगायची. त्या मान हलवायच्या, पण ऐकून त्यांचं समाधान होत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर भावोजी म्हणाले, मुंबईची सकाळची बोट धरायची आहे, तंबू आत्ताच आवरला पाहिजे. पण आवरणार कोण? मी अजून बाहेरची आणि तंबू विटाळलेला. तेव्हा भावोजी ओट्यावर उभे राहून हुकूम सोडणार आणि मी खळ्यात ते पाळणार, असं ठरलं.

"पयली वाळू झाड! मगे नळयेचा टोपण काढ! मोठा न्हय गो, पितळेचा!"

मी पितळेचं टोपण पिळलं आणि फुस्स करून अशी हवा सुटली की मी दोन हात मागे उडाले. ओट्यावर भावोजी आणि मामंजी दोघेही हसले. मी गुंडाळी सुरू केली, तर नेमकी टोपणाच्या बाजूने. हवा पलीकडच्या टोकाला जाऊन बसली आणि तिथे पोट फुगल्यासारखा फुगवटा आला. "उलट्या बाजून, उलट्या!" भावोजी डोक्याला हात लावून ओरडले. उलगडून पुन्हा सुरुवात. रबर चिकटू नये म्हणून पावडर मारायला सांगितली. माझ्या लग्नातला पावडरचा डबा त्यात निम्मा गेला.

मागचा भाग गुंडाळत आले; दारावरच्या नळीत तेवढी हवा शिल्लक होती आणि तेवढाच तुकडा अजून उभा होता. मी तिच्या टोपणाला हात घातला, तोच मागून आवाज आला, "रव गो वायच."

मी थांबून वळले. सासूबाई खळ्यात उतरल्या होत्या. ओट्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. लुगडं सावरून त्या ओणव्या झाल्या आणि सरळ आत शिरल्या. माझा, तंबूचा, सगळ्याचा विटाळ त्यांना झाला होता.

"ये भितर," त्या म्हणाल्या. "हवा जाताना भितरसून कसा दिसता ता बघूया."

मी आत जाऊन त्यांच्या शेजारी आडवी झाले. आतून हात घालून टोपण काढलं. नळी सुस्कारत मऊ पडत गेली आणि छत सावकाश खाली यायला लागलं. सासूबाईंनी वर तळवा धरला होता. "येता, येता," असं त्या पुटपुटत होत्या. कापड आधी त्यांच्या बोटांना लागलं, मग दोघींच्या नाकांना. मघाशी ओट्यावरून घरात गेलेले मामंजी तिथूनच हाका मारायला लागले, "अगो, खंय गेलंस? चायचा बघ!" सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या पिवळ्या उजेडात आम्ही दोघी आवाज न करता हसत होतो. मला त्यांची इतकी माया आली की मी तो हात तसाच धरून ठेवला.

"बरा आसा गो," त्या हळूच म्हणाल्या. "हयसर आपण कोणाक दिसणव नाय."

मग आम्ही बाहेर आलो आणि दोघींनी मिळून गुंडाळी केली. त्यांनी गुडघा देऊन असा दाब दिला की तंबू पहिल्या फटक्यात पिशवीत गेला. पिशवीवर त्यांनीच गोमूत्र शिंपडून भावोजींची वाट मोकळी केली. पुढे साहेबाला वास आला असेल, तर त्याने कधी कळवलं नाही.

मामंजी म्हणाले, "आता डोक्यावरसून पाणी घी आणि चुलीकडे बघ."

सासूबाईंनी आभाळाकडे पाहिलं. "दिवस बुडाक इलो. ह्या वक्ताक केस भिजवन नाय मी. आज मी भायर बसलंय."

ज्या बाईचं बाहेर बसणं कधीच सरलं होतं, ती माझ्या शेजारी मागच्या अंगणात चटईवर बसली. दोन्ही पुरुष चुलीपुढे गेले. घरातून धूर यायला लागला, भांडी पडायला लागली. तांदूळ खंय? आतल्या हंड्यात. मीठ खंय? फळीर. सासूबाई बसल्या जागेवरून उत्तरं देत होत्या, उठत नव्हत्या.

अखेर मामंजी दोन ताटल्यांतून पेज घेऊन आले. न शिवता लांब ठेवून, ओशाळल्यासारखे जरा उभे राहिले. सासूबाईंनी ताटली ओढली, एक घोट घेतला आणि माझ्या कानाशी आल्या.

"लगीन झाल्यापासून ह्येंच्या हातचा पयल्यांदाच खातंय गो," त्या कुजबुजल्या. "मीठच नाय घातलेला."

मग सगळी पेज संपवून त्यांनी रिकामी ताटली पुढे सरकवली आणि मोठ्याने म्हणाल्या, "बरी झाली हा. आणखी वाढा."