मंगलच्या वाट्याचा आनंद

भावनांचं वाटप मी एका दुपारीच उरकलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कळसजवळच्या एका वाडीत मी मास्तर होतो. बारामतीच्या प्रशिक्षणातून नवा उपक्रम घेऊन आलो: मुलांनी गोल बसायचं, मक्याचं कणीस हातोहात फिरवायचं आणि ज्याच्या हातात कणीस, त्यानं मनातलं सांगायचं. बाकीच्यांनी हसायचं नाही, मधे बोलायचं नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांनी ‘बरं वाटतंय’ एवढंच सांगितलं. ‘बरं’ ही भावना नव्हे, असं मी फळ्यावर ठळक लिहून टाकलं.

इतक्यात निरोप आला, विस्तार अधिकारी सोमवारी उपक्रम बघायला येणार! आता पोरांच्या मनातलं वर येईपर्यंत थांबायला वेळ कुणाला होता? दत्तूचा आवाज मोठा, त्याला राग दिला. रखमाला भीती. कायम नाक वाहणाऱ्या पोपटला दुःख (त्याची निम्मी तयारी झालेलीच होती). आणि चौथीतली माझी लेक मंगल, तिला आनंद. मास्तरच्या पोरीनं दुसरं काय सांगायचं? तीन दिवस सगळ्यांकडून घोकून घेतलं.

मंगलनं घरी हळूच विचारलं, आबा, मला दुःख मिळंल का. मी म्हणालो, ते पोपटला दिलंय. हे वाक्य आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं, कारण तिची आई तेव्हा तीन आठवडे घरात नव्हती.

दोष माझाच होता. बायकोनं भावाला लिहिलेलं पत्र माझ्याकडे टपालपेटीत टाकायला दिलं. मी ते लाल शाईनं तपासलं, खाली ‘अक्षर सुधारा’ असा शेरा मारला आणि परत दिलं. (सहीसुद्धा केली होती!) तिनं पत्र घडी करून पिशवीत घातलं, मंगलची शाळा बुडू नये म्हणून तिला ठेवलं आणि वडगाव निंबाळकरचं माहेर गाठलं. वाडीला मी सांगितलं, मेव्हण्याकडे काम निघालंय. मंगललाही तेच सांगायला बजावलं.

सोमवारी साहेब आले, बूट काढून पोरांच्यात मांडी घालून बसले. दत्तूला खणखणीत राग आला, रखमा वेळेवर घाबरली, पोपट तर खरंच रडला. साहेब मान डोलवत होते. मग कणीस मंगलकडे गेलं. ती त्याच्याकडे बघतच बसली. मी नुसते ओठ हलवून ‘मला आनंद होतो’ सुचवलं.

“मला न्हाय आनंद होत,” मंगल म्हणाली. “आई रुसून गेलीया. आबा म्हणत्यात, कुणाला सांगू नगं. शाळा सुटली की मला घरी जावंच वाटत न्हाय.”

कुणी हसलं नाही, कुणी मधे बोललं नाही. नियम माझेच होते. तिच्या शेजारी मीच बसलो होतो, त्यामुळे कणीस माझ्या हातात आलं.

“बोला गुरुजी,” साहेब म्हणाले.

“बरं वाटतंय,” मी म्हणालो.

दत्तूनं हात वर केला. “गुरुजी, ही भावना न्हाय.”

साहेबांनी शेरेबुकात काय लिहिलं, ते वाचायचं धाडस मला आठवडाभर झालं नाही. (मुलांची प्रगती समाधानकारक होती. शिक्षकाला पुन्हा प्रशिक्षणाला पाठवावे, असं होतं.)

दुसऱ्या दिवशी रजा टाकून, मंगलला घेऊन, बारामतीला एसटी बदलून वडगावला गेलो. बायको अंगणात मेथी निवडत होती. तिनं वर बघितलं नाही. वाटेत जुळवलेलं भाषण मी पार विसरलो. चुकलं माझं, लाज वाटते मला, एवढंच कसंबसं म्हणालो.

“कुणा साहेबानं धाडलं का?”

“न्हाय. मंगलनं.”

तिनं मंगलला पोटाशी धरलं. मग मेथी आपल्या आईच्या हवाली करून ती उठली.

“मी मंगलसंगं घरी जाते,” ती म्हणाली. “तुमी मागल्या एसटीनं या.”

दोघी गेल्या. मागची एसटी दोन तासांनी होती. फाट्यावर एकटाच बसून राहिलो. लाज, भीती, आनंद सगळं एकदमच वाटत होतं, आणि त्या दिवशी मला ते धडाधड सांगताही आलं असतं. पण विचारायला तिथं कुत्रंसुद्धा नव्हतं.