बत्तीस की चौसष्ट

आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमच्याकडे आले की चहाआधी साखरेचा डबा उघडून चार दाणे जिभेवर ठेवत. एकदा माझ्या हातचा मिठाचा चहा प्यायले होते, तेव्हापासून. ओझरच्या कारखान्यात विमानाचे सुटे भाग तपासण्यात त्यांची हयात गेली. कुणी ‘नक्की आहे’ म्हटलं की विचारायचे, “पाहिलंस, की वाटलं?” माझा सगळा संसार वाटण्यावरच चाललेला.

आमचा कॉम्प्युटर त्यांनीच लावून दिला होता. मी फक्त दसऱ्याला त्याला झेंडू वाहायचो. माझं तांत्रिक ज्ञान तेवढंच.

यंदा स्वातीला, माझ्या मुलीला, प्रवेशपरीक्षा घरूनच द्यायची होती. वर्षभराचा अभ्यास, आणि अकराला पेपर. परीक्षेचं सॉफ्टवेअर आदल्या दिवशी टाकायचं काम मी छातीठोकपणे अंगावर घेतलं आणि केलं नाही. सकाळी दहाला बसलो. साइटवर दोन फाइली: बत्तीस बिट आणि चौसष्ट बिट. कॉम्प्युटरच्या खोक्यावरच्या स्टिकरवर चौसष्ट लिहिलेलं. बत्तीसची म्हणजे जुनाट मशीनवाल्यांची, असं ठरवून तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चौसष्टची उतरवली, चालेना. पुन्हा तीच उतरवली, पुन्हा तोच नकार. तिसऱ्यांदाही तीच. स्वाती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हॉलतिकीट धरून नुसती भिंतीकडे बघत होती. अठरा मिनिटं उरली.

आतोबा तेव्हा नाशिक रोडला दवाखान्यात होते, छातीच्या दुखण्यानं. तरी फोन लावला. आत्याने तो त्यांच्या कानाशी धरला.

“चौसष्टच आहे आतोबा, नक्की. खोक्यावर लिहिलंय.”

“खोक्यावर.” बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. “तुमच्याकडे बिस्किटांच्या डब्यात काय असतं?”

“बेसन.”

“मग? पीसीच्या चित्रावर राइट क्लिक कर. प्रॉपर्टीज. सिस्टिम टाइप. पूर्ण ओळ वाच.”

वाचली. ऑपरेटिंग सिस्टिम बत्तीस बिट, प्रोसेसर चौसष्टचा.

“यंत्र चौसष्टचं, पण आतली कारभारीण बत्तीसची. मीच बसवली होती, तुझ्या जुन्या प्रिंटरसाठी. ती सांगेल तीच फाइल घे.”

घेतली. अकराला चार मिनिटं कमी असताना सॉफ्टवेअर चालू झालं आणि कॅमेऱ्यातून पडद्यावर स्वातीचा चेहरा उमटला. मी आनंदात फोन ठेवून दिला. तब्येत कशी आहे, हे विचारलंच नाही.

संध्याकाळी आत्या म्हणाली, “बोलायला त्यांनी ऑक्सिजनचा मास्क काढला होता. नर्स किती रागावली. तर हे तिला म्हणे, पोरीचा पेपर आहे.”

चौथ्या दिवशी आतोबा गेले.

पुढे निकाल लागला, स्वातीला प्रवेश मिळाला. मी लगेच आत्याला फोन केला आणि म्हणालो, “आधी आतोबांना दे.”

ती म्हणाली, “सांग. मी ऐकतेय.”