एकोणपन्नास

वर्षभर मायक्रोस्कोपला डोळा मीच लावत आले. त्यामागचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी आकडे इंग्रजीत सांगायचे, माझी जोडीदारीण लिहून घ्यायची. ती वाटूरहून एसटीने यायची, मराठी शाळेत शिकलेली. मी जालन्यातल्या इंग्रजी शाळेतली. तिसाच्या पुढचे मराठी आकडे मला अंदाजानेच कळायचे.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला संच कमी पडले, म्हणून दोघींत एक. बारीक पोलादी सळई दोन धारांवर आडवी ठेवायची, मधोमध वजनं अडकवत जायचं आणि ती किती वाकते ते मायक्रोस्कोपमधून वाचून त्यावरून तिचा ताठपणा काढायचा. बाहेरून आलेले सर मला म्हणाले, "आज तू लिही. वाचू दे हिला."

मी वही पुढे ओढली.

तिने आधी रिकाम्या सळईचा आकडा वाचला, मग एकेक वजन चढवत गेली. "अठ्ठावीस. पस्तीस. बेचाळीस." इथवर निभावलं. "एकोणपन्नास." मला त्यातलं पन्नासच ऐकू आलं. एकोण म्हणजे शेवटी नऊ, एवढंच माहीत असल्याने मी ५९ लिहिलं.

"छप्पन्न."

वजन वाढलं होतं, आणि वहीत सळई वर आली होती.

"आकडा उलटा येतोय," मी पुटपुटले.

"मंग सळईच सरकली असंल. न्हाई तर माझा डोळा चुकून राह्यला. सगळं काढते, पुन्हा लावू."

वीस मिनिटं उरली होती. वजनं निघाली असती तर दोघींचाही प्रयोग अर्धवट राहिला असता. तिचा हात वजनांच्या हुकाला लागला.

"थांब. एकोणपन्नास म्हणजे... पन्नासच्या मागे की पुढे?"

तिने लेन्सवरचा डोळा काढला. "मागं. एक कमी." मग हळूच म्हणाली, "अन् मला वर्षभर वाटलं, तू मला इंग्रजी दाखवून राह्यली."

मला मान वर करता येईना. ५९ वर रेघ मारून ४९ लिहिलं. सळई दर वजनाला सात-सातनेच वाकत होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

मग एकेक वजन उतरवत तेच आकडे पुन्हा घ्यायची वेळ आली. सर शेजारच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले होते. ती अडखळत म्हणाली, "फोर्टी... नाईन. बराबर?"

"बरोबर."

शेवटचं वजन निघालं. सळई होती तिथे परत आली.

"अठ्ठावीस," ती म्हणाली. "एवढं तरी येतं ना, बाई?"